प्लेटलेट्स ५८,००० वर आल्या, रेडिएशन थांबवायचं का?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

आईचं वय ५७. गर्भाशयमुखाचा कर्करोग. ओटीपोटावर रेडिएशनच्या २५ बैठका ठरल्या होत्या, त्यांपैकी १८ झाल्या. सोबत दर सोमवारी सिसप्लॅटिनची केमो होती. तीन वेळा दिली, चौथी थांबवली, कारण प्लेटलेट्स उतरल्या. सुरुवातीला २,१०,००० होत्या, पुढच्या सोमवारी १,८८,०००, मग १,२१,००० आणि या सोमवारी ५८,०००. डॉक्टर म्हणतात, केमो नको, पण रेडिएशन चालू ठेवू. आम्ही घाबरलो आहोत. पेशी वर येईपर्यंत महिनाभर सगळंच थांबवावं का? माझा आणि भावाचा रक्तगट आईशी जुळतो, मग आत्ताच प्लेटलेट्स देऊन टाकाव्यात का? नातेवाईक पानांचा रस द्या म्हणतात. मागच्या दोन महिन्यांत तिचे सीटी आणि पेट-सीटी झाले, त्यांच्यामुळे तर पेशी कमी झाल्या नाहीत ना? पायांवर बारीक लाल ठिपके दिसतात. बाकी तिला त्रास नाही, फक्त कंबर दुखते म्हणून रोज एक डायक्लोफेनॅक घेते.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. तिथूनच सुरुवात करू.

डायक्लोफेनॅक आज, आत्ता बंद करा. प्लेटलेट्स संख्येनं कमी असताना उरलेल्यांनी तरी नीट काम करायला हवं, आणि ही गोळी नेमकं तेच बिघडवते. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या सगळ्यांचा हाच दोष. त्यात ॲस्पिरिन सर्वांत चिवट, कारण तिचा परिणाम प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. डायक्लोफेनॅकचा परिणाम साधारण एका दिवसात ओसरतो, त्यामुळे बंद केल्याचा फायदा लगेच मिळेल. शिवाय सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना त्रासदायक आहे आणि डायक्लोफेनॅकही. दोन्ही एकत्र चालू होतं हे उद्याच डॉक्टरांना सांगा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा. केमोच्या कागदांवर या गोळीची नोंद नसेल, कारण ती घरच्या डब्यातून घेतली जाते. अशा गोळ्या कुणी मुद्दाम लपवत नाही. त्यांना औषध म्हणून कुणी मोजतच नाही, म्हणून त्या राहून जातात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण दोन अटींवर. प्रत्येक गोळीआधी ताप मोजायचा, कारण पॅरासिटामॉल ताप झाकतं आणि आईच्या पांढऱ्या पेशीही या दिवसांत कमी असणार. दुसरं, दिवसाला एकूण किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर ट्रॅमाडॉलसारखं औषध ते देतील. आणि कंबरदुखी हे लक्षण स्वतंत्रपणे सांगा, गोळीच्या यादीत बुडू देऊ नका. आईला हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, किंवा पायातल्या गुठळीसाठी हेपारिनच्या जातीची इंजेक्शनं असतील, तर मात्र ती स्वतःहून बंद करू नका. तिथे दोन्ही बाजूंनी धोका असतो. प्लेटलेट्स ५०,००० च्या वर असतील तर गुठळीच्या इंजेक्शनाचा पूर्ण डोस सहसा चालतो, २५,००० ते ५०,००० मध्ये तो कमी करतात आणि त्याखाली बहुधा थांबवतात.

आता ते लाल ठिपके. आईला खुर्चीवर बसवा, भरपूर उजेडात पोटऱ्या आणि घोटे बघा. स्वच्छ काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबा. दाबल्यावर ठिपका फिका पडून नाहीसा झाला तर ती पुरळ आहे. काचेखालीही तो तसाच लाल किंवा जांभळा राहिला तर ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त आहे. टाचणीच्या टोकाएवढे, सपाट, न खाजणारे ठिपके घोट्यांभोवती जास्त दिसतात, कारण उभं राहिल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब जास्त असतो. रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला होता तिथे, आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली, तेही बघा. मग तोंड उघडायला सांगून टॉर्चच्या उजेडात गालांची आतली बाजू, जिभेचा खालचा भाग आणि टाळू बघा. पायांवरच्या ठिपक्यांची माहिती डॉक्टरांना दिवसभरात द्या. पण तोंडात रक्ताचे फोड किंवा जांभळे डाग दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, आकडा काहीही असो. तोंडातल्या ओल्या डागांनंतर मोठ्या रक्तस्रावाची शक्यता वाढलेली असते.

५८,००० हा आकडा एकदा खात्रीचा करून घ्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटून गोळे होतात, यंत्र ते गोळे मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. रक्त काढताना सुई नीट लागली नाही आणि नळीतच बारीक गुठळी झाली तरी तेच घडतं. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा स्मिअर बघायला सांगा. त्यात गोळे दिसले तर निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना द्यायचा. त्या नळीतलं द्रव रक्त थोडं पातळ करतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. आईच्या बाबतीत आकडे दर आठवड्याला पायरीपायरीनं उतरले आहेत, तेव्हा हा खोटा आकडा असण्याची शक्यता कमीच. तरी ५०,००० च्या आसपास मोठे निर्णय घ्यायचे असताना एक स्मिअर बघणं महाग पडत नाही. त्याच स्मिअरमध्ये फुटलेल्या तांबड्या पेशी किंवा अपक्व पेशी दिसल्या तर कारण रेडिएशनखेरीज दुसरंच असू शकतं, हेही कळतं. दर वेळी त्याच प्रयोगशाळेत तपासा. ५८,००० आणि ६३,००० यांत खरा फरक नाही, तो यंत्राचा आणि नमुन्याचा फरक असू शकतो.

पेशी उतरल्या कशा, हे समजलं की पुढचे बरेचसे प्रश्न सोपे होतील. रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेट्सना केंद्रक नसतं, त्यामुळे रेडिएशननं त्या फारशा मरत नाहीत. मार बसतो तो अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या गरातल्या, मूळ पेशींना. त्यांच्यापासून मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी तयार होतात आणि त्यातली एकेक पेशी हजारो प्लेटलेट्स रक्तात सोडते. मज्जा हा कारखाना मानला, तर रेडिएशन गोदामातला तयार माल जाळत नाही, ते नवीन कामगारांची भरती थांबवतं. आधीपासून पिकलेल्या मेगाकॅरिओसाइट काही दिवस काम करत राहतात, रक्तातल्या प्लेटलेट्स आठ ते दहा दिवस जगतात, आणि म्हणून पहिल्या आठवड्यात रिपोर्ट छान दिसतो. आईचा दुसऱ्या सोमवारचा १,८८,००० हा आकडा त्याच उसन्या वेळेतला होता.

संपूर्ण शरीरावर एकदम मोठा मारा झालेल्या माणसांतही हीच चाल दिसते. १९४५ साली हिरोशिमात बॉम्बच्या दिवशी जगलेल्या अनेकांच्या अंगावर जांभळे डाग आणि हिरड्यांतून रक्त तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दिसू लागलं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातातल्या रुग्णांतही लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एकदोन दिवसांत घसरल्या आणि प्लेटलेट्सचा तळ काही आठवड्यांनी आला. आईची परिस्थिती त्यांच्यासारखी नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. त्यांच्या सगळ्या मज्जेला मार बसला होता. आईच्या फक्त ओटीपोटाच्या हाडांना आणि कण्याच्या खालच्या भागाला बसतो आहे. पण प्रौढ माणसाची सुमारे चाळीस ते पन्नास टक्के कार्यरत मज्जा नेमकी कंबरेच्या हाडांत आणि कमरेच्या मणक्यांत असते. छातीच्या किंवा घशाच्या रेडिएशनपेक्षा ओटीपोटाच्या रेडिएशनमध्ये पेशी जास्त का उतरतात, त्याचं उत्तर यात आहे. त्यावर सिसप्लॅटिन. ते रक्तातून सगळीकडे जातं, त्यामुळे छातीच्या हाडातली, बरगड्यांतली, वरच्या मणक्यांतली जी मज्जा भरपाई करू शकली असती, तिलाही ते दाबून धरतं.

तुमच्या आकड्यांत एक दिलासा आहे, तो दाखवायला हवा. उत्पादन पूर्ण बंद पडलं असतं तर १,२१,००० चे सात दिवसांत ३५,००० च्या आसपास, किंवा त्याहून कमी, उरले असते. उरले ५८,०००. म्हणजे मज्जा अर्धवट का होईना, चालू आहे. काळजीची बाजू अशी की सिसप्लॅटिनचा तळ डोसनंतर साधारण १८ ते २३ दिवसांनी येतो. शेवटचा डोस तिसऱ्या आठवड्यात झाला. म्हणजे केमो थांबवली तरी आकडा अजून आठ-दहा दिवस किंवा थोडा जास्त काळ खाली जाऊ शकतो. तेव्हा घाबरून ‘डॉक्टरांचं चुकलं, केमो थांबवूनही पेशी उतरताहेत’ असा निष्कर्ष काढू नका. हे अपेक्षित आहे. मात्र यासाठीच आठवड्यातून एकदा सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) पुरेसं नाही. ५८,००० वर आणि अशा घसरणीवर आठवड्यातून किमान दोनदा, ५०,००० च्या खाली गेल्यावर एक दिवसाआड तपासा. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा आकडा बदललेला असेल, म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर काय करायचं ते लिहिलं आहे.

महिनाभर सगळं थांबवायचं का? नाही. कळकळीनं सांगते, हा निर्णय घरात बसून घेऊ नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचं रेडिएशन आणि नंतरची ब्रॅकीथेरपी, म्हणजे उपकरण आत बसवून गाठीजवळून दिलेलं रेडिएशन, मिळून सगळं उपचारपर्व आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपलं पाहिजे. त्यापुढे लांबत गेलेल्या प्रत्येक दिवसामागे ओटीपोटातला रोग आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्का घटते, असा जुना आणि पुन्हापुन्हा तपासलेला अनुभव आहे. उपचाराच्या मधल्या सुट्टीत गाठीतल्या उरलेल्या पेशी जोमानं वाढू लागतात.

कॅलेंडर काढून मोजा. सोमवारी सुरुवात आणि आठवड्याला पाच बैठका धरल्या, तर अठरावी बैठक २४ व्या दिवशी झाली. उरलेल्या सात बैठका ३३ व्या दिवशी संपतात. मग ब्रॅकीथेरपीच्या तीन-चार बैठका, त्यांना दोन ते अडीच आठवडे. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी ५० वा दिवस उजाडतो. हातात जेमतेम सहा दिवस शिल्लक राहतात. यंत्र बिघडलं, सुट्टी आली, ताप आला, तर ते तिथेच खर्च होतात. महिनाभराची सुट्टी या हिशेबात बसतच नाही.

तुमच्या डॉक्टरांनी केमो थांबवून रेडिएशन चालू ठेवलं, ते रीतसरच आहे. बऱ्याच ठिकाणी केमो १,००,००० च्या खाली रोखतात, काही ठिकाणी ७५,००० च्या. रेडिएशन रोखण्याचा विचार ५०,००० च्या खाली, आणि खरं तर २५,००० च्या आसपास किंवा रक्तस्राव चालू असताना होतो. एखाददोन दिवस थांबावं लागलं तर ती भरपाई शनिवारी एक बैठक घेऊन किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोन बैठका घेऊन करता येते का, हे विचारा. या आजारात रेडिएशन मुख्य आहे, सिसप्लॅटिन त्याला बळ देतं. केमोचे एकदोन डोस हुकले तर नुकसान होतं, पण रेडिएशनमध्ये पडलेल्या खंडाचं नुकसान त्याहून मोठं असतं.

एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवा: ब्रॅकीथेरपीच्या वेळी आकडा किती हवा? उपकरण बसवताना पाठीत भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ बहुधा ७०,००० ते ८०,००० मागतात. तेवढ्या नसतील तर दुसऱ्या प्रकारची भूल देता येते, किंवा त्या सकाळी प्लेटलेट्स चढवता येतात. हे ३० व्या दिवशी ठरलेलं असलं की ३५ व्या दिवशी टेबलावरून परत यावं लागत नाही.

आता प्लेटलेट्स चढवण्याबद्दल. ५८,००० वर, रक्तस्राव नसताना, चढवू नका. चढवलेल्या प्लेटलेट्स तीन-चार दिवसांत संपतात, आणि वारंवार दिल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग खरी गरज पडेल तेव्हा पिशवी चढवूनही आकडा हलत नाही. साधारण रीत अशी: रक्तस्राव नसेल आणि ताप नसेल तर १०,००० च्या खाली, ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर २०,००० च्या खाली, आणि अंगावरून किंवा इतर कुठून वाहतं रक्त जात असेल तर ५०,००० च्या वर ठेवण्यासाठी. आईच्या गाठीतून अंगावरून रक्त जात असेल तर हा तिसरा नियम लागू होतो, म्हणून दिवसाला किती पॅड भिजतात ते वहीत लिहा. ‘थोडंसं जातं’ या शब्दांवर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

आणि तुमच्या, भावाच्या प्लेटलेट्स? तुमची तळमळ कळते, पण इथे रक्ताचं नातं फायद्याचं नाही, धोक्याचं आहे. पिशवीत दात्याच्या काही लिम्फोसाइटही जातात. परक्या दात्याच्या लिम्फोसाइट आईचं शरीर ओळखून मारतं. मुलांच्या लिम्फोसाइट मात्र अर्ध्या आईसारख्याच असल्यामुळे ओळखल्या न जाता टिकू शकतात आणि आईच्याच त्वचेवर, यकृतावर, मज्जेवर हल्ला चढवतात. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. परक्या दात्याची पिशवी घ्या. जवळच्या नातेवाइकाची घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर रक्तपेढीत ती २५ ग्रेचं (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन देऊनच सोडायला सांगा, त्यानं त्या लिम्फोसाइट निष्प्रभ होतात आणि प्लेटलेट्स शाबूत राहतात. तुम्ही आणि भावानं दुसऱ्या रुग्णासाठी जरूर द्या.

पिशव्या दोन प्रकारच्या असतात. एका रक्तदानातून वेगळी काढलेली साधी पिशवी प्रौढाचा आकडा ५,००० ते १०,००० नं वाढवते. एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेली मोठी पिशवी, जिला एसडीपी म्हणतात, ती ३०,००० ते ५०,००० नं. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ अंश सेल्सिअसला सतत हलत ठेवतात, आणि त्या साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणून दात्याची सोय आधी करून ठेवायची, पिशवी मागवून घरी किंवा वॉर्डात ठेवायची नाही, आली की लगेच लावायची. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेला दाता चालत नाही. चढवून झाल्यावर तासाभरात एक सीबीसी करायला सांगा. आकडा अपेक्षेइतका वाढलाच नाही तर कारण शोधावं लागतं, नुसती दुसरी पिशवी लावून उपयोग नसतो. हिमोग्लोबिनवरही नजर ठेवा. तांबड्या पेशी प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात, त्यामुळे हिमोग्लोबिन फार उतरलं की तेवढ्याच प्लेटलेट्समध्ये रक्तस्राव जास्त होतो.

घरात काय सांभाळायचं? सगळ्यात मऊ ब्रश, दोऱ्यानं दात कोरणं बंद, अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. नखं कात्रीनं न कापता कानशीनं घासायची. पायात नेहमी बंद चप्पल, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा, कारण मुक्या मारानं डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका काटा रुतण्यापेक्षा मोठा आहे. स्नायूत इंजेक्शन घ्यायचं नाही. गुदद्वारातून औषध, एनिमा, तापमापी काहीही नाही. ओटीपोटाच्या रेडिएशननं जुलाब होतात, त्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, आणि उलट मळाला खडा झालाच तर कुंथू देऊ नका, मल मऊ करणारं औषध मागा. जिथे रेडिएशन पडतं त्या त्वचेवर दाढीचं ब्लेड, चिकटपट्टी किंवा गरम पिशवी नको. कमरेवर शेक देण्याचा मोह इथे होतोच. रक्त काढल्यावर हात न दुमडता सरळ ठेवून पाच ते दहा मिनिटं कापूस दाबून धरायचा, घड्याळ लावून.

नाकाचा घोळणा फुटला तर आईला बसवा, मान पुढे झुकवा, मागे नाही. नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग १५ मिनिटं धरा, मध्ये सोडून बघू नका. हिरड्यांतून येत असेल तर गार पाण्यानं चूळ, मग ओल्या गॉझचा दाब. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून चूळ भरायला काही डॉक्टर सांगतात. उपाय चांगला आहे, पण विचारूनच करा. ही गोळी पोटात घेण्याचा प्रयोग घरी नकोच. लघवीतून रक्त जात असताना ती घेतली तर मूत्रमार्गात गुठळी अडकू शकते. शिवाय कर्करोगात पायात गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो.

आणि हे झालं तर फोनवर विचारत बसू नका, थेट रुग्णालय: अचानक फार डोकं दुखणं, उलटी, गुंगी, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं, डोक्यावर पडणं, जखम दिसो न दिसो, काळी, चिकट, उग्र वासाची शौच, लघवीत लाल रंग, अंगावरून इतकं रक्त की तासात एक पॅड भिजतो, आणि ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. ताप या यादीत आहे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत अंगभर पसरतो आणि प्लेटलेट्सही झपाट्यानं खातो.

सीटी आणि पेट-सीटीला दोष देऊ नका. पोटाच्या सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्टचा डोस मिळतो, पेट-सीटीत २५ च्या आसपास. रक्तपेशी मोजण्याइतक्या कमी व्हायला संपूर्ण मज्जेला एकाच वेळी सुमारे ५०० मिलिग्रे लागतात, आणि क्ष-किरणांच्या बाबतीत मिलिग्रे व मिलिसिव्हर्ट आकड्यानं सारखेच धरायला हरकत नाही. याउलट आईच्या ओटीपोटाला दर बैठकीत १.८ ग्रे, म्हणजे १,८०० मिलिग्रे मिळतात, आणि २५ बैठकांत ४५ ग्रे. या तुलनेत स्कॅनचा वाटा नगण्य आहे. पुढे डॉक्टरांनी एखादा स्कॅन सांगितला तर पेशींच्या भीतीनं तो टाळू नका.

पानांच्या रसाबद्दल. यकृत थ्रोम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतं आणि प्लेटलेट्स ते शोषून घेतात. प्लेटलेट्स कमी झाल्या की ते रक्तात साचतं आणि मज्जेला जोरानं ढोसतं. आईच्या शरीरात हा आदेश आधीच मोठ्यानं दिला जातो आहे. अडचण आदेशाची नाही, तो पाळणाऱ्या पेशी कमी आहेत ही आहे. विषाणूच्या तापात उतरलेल्या प्लेटलेट्स ताप सरताच चार दिवसांत आपोआप चढतात, आणि त्या वेळी जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. तो नियम इथे लागू नाही. शिवाय पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पानांचा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. आईला पुरेसं, प्रथिनं असलेलं, नीट शिजवलेलं अन्न मिळू दे. बी-१२ आणि फोलेट एकदा तपासून घ्या. ते कमी असेल तर भरून काढल्याचा खरा उपयोग होतो.

‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून जे सुचवलं जातं ते बहुतेक वेळा फिलग्रास्टिम असतं. ते पांढऱ्या पेशींसाठी आहे, प्लेटलेट्स त्यानं वाढत नाहीत, आणि केमो-रेडिएशन एकत्र चालू असताना ते सहसा टाळतात. स्टेरॉइडही इथे कामाचं नाही. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारतं त्या आजारात त्याचा उपयोग आहे, इथे मुळात निर्मितीच घटली आहे. रोमिप्लोस्टिम हे औषध मज्जेला थेट प्लेटलेट्ससाठी चालना देतं. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएनं ते संपूर्ण शरीरावर घातक रेडिएशन पडलेल्या रुग्णांसाठी मंजूर केलं, एकच डोस, किलोला १० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली. कर्करोगाच्या उपचारात ते निवडक रुग्णांना देतात, पण त्यानं गुठळीचा धोका वाढतो. आईच्या आकड्यावर त्याची गरज नाही. २५,००० च्या खाली बरेच दिवस अडकलं आणि ब्रॅकीथेरपी अडली, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे विषय काढा.

वर कधी येतील? तळ गाठल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत चढ दिसू लागतो. आकड्याच्या आधी एक खूण दिसते. तुमच्या प्रयोगशाळेच्या यंत्रावर आयपीएफ, म्हणजे कोवळ्या प्लेटलेट्सचं प्रमाण निघत असेल तर ते बघायला सांगा. आकडा खालीच असताना आयपीएफ वाढू लागलं की मज्जा कामाला लागली असं समजायचं आणि पिशवीची घाई टाळायची. पूर्वीच्या २,१०,००० ला मात्र कदाचित ती पुन्हा पोहोचणार नाही. ४० ग्रेच्या वर डोस गेलेल्या हाडांतली मज्जा बहुतांशी चरबीत बदलते आणि तिथे पेशी परतत नाहीत, बाकीची हाडं भार उचलतात. उपचारांनंतर काही महिन्यांनी १,३०,००० वर स्थिर राहिलेला आकडा काळजीचा नाही.

काळजीचं काय, तेही लिहून ठेवा. उपचार संपल्यावर तीन महिने उलटूनही प्लेटलेट्स १,००,००० च्या खाली असतील, किंवा चढून पुन्हा उतरू लागल्या असतील, किंवा सोबत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही घसरत असतील, तर स्मिअर आणि गरज पडल्यास मज्जेची तपासणी करायला सांगा. रेडिएशन आणि केमोनंतर काही वर्षांनी, बहुधा पाच ते दहा, मज्जेचा स्वतंत्र आजार होऊ शकतो. तो थोड्यांनाच होतो, पण लवकर हाती लागतो तो साध्या सीबीसीतच. म्हणून पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत गाठीच्या तपासणीबरोबर सीबीसीही व्हायला हवं, आणि जुने आकडे तारखेसह एकाच वहीत हवेत. या सोमवारचे ५८,००० त्या वहीत आजच लिहा. त्याखाली तारीख, कितवी बैठक, केमोचा शेवटचा डोस कधी झाला आणि डायक्लोफेनॅक कधी बंद केली, एवढं टिपा आणि उद्याच्या बैठकीला ती वही सोबत न्या.